वाकळीच्या पोटातली चोळी

दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ दाखवून तुम्ही कधी शाबासकी घेतली आहे का? लगेच मान हलवू नका. म्हाळसाला सोळाव्या वर्षी कुणी हे विचारलं असतं तर तीही फणकारली असती. तिला वाटत होतं, आपण बायांच्या बाजूनं उभ्या आहोत.

म्हाळसा मुडबीची. बाप उमाजी, मेंढरं विकून नुकता कुठं शेतीत टेकलेला. राज्य निजामाचं, शाळा उर्दूतून, आणि मुलींची शाळा तर पार गुलबर्ग्याला. मामा तुळजाराम तिथं गिरणीत होता म्हणून जमलं. त्याच्या खोलीत एक तोंड वाढलं आणि पोरगी शिकायला लागली. बाकी कशात गती नव्हती, पण हातात कोळसा आला की हिला भिंत पुरायची नाही. चित्रकला शिकवायला उस्तानी लक्ष्मम्मा होत्या, मूळच्या हैदराबादच्या. एके दिवशी त्यांनी तिची पाटी बाजूला सारली.

"मोर-पोपट बहुत हो गए म्हाळसा. तेरे घर में औरतां नहीं हैं क्या? उनकू बना."

घरात बाई होती की. आत्या अंबुबाई. नवरा मेला तेव्हा बारा वर्षांची होती, तेव्हापासून भावाच्या दारात. गावाच्या वाकळी शिवून स्वतःची भाकर स्वतः मिळवायची. वाकळीला वर-खाली धड कापड लागतं आणि मधे असतं पोट. जे अंगावर घालवत नाही, कुणाला देववत नाही आणि जाळायलाही हात धजत नाही, ते बाया गुपचूप त्या पोटासाठी आणून द्यायच्या. गेलेल्या लेकराचं झबलं. विधवेचं हिरवं लुगडं. अंबुबाई कुणालाच काही विचारायची नाही आणि कुणाचं कुणाला सांगायची नाही. "आधी तोंडाला टाका घालावा, मग कापडाला," असं म्हणायची. म्हणून तर सगळं गाव तिच्याकडंच यायचं.

म्हाळसाच्या डोक्यात आलं, वाकळ उलटी केली तर? पोट बाहेर काढून टांगलं तर?

"आत्या, तुझं लगनातलं लुगडं देतीस?"

"काय करायलीस त्याचं?"

"चित्र. लोकांना दिसू दे की, काय काय झाकून ठिवावं लागतंय बायांना."

"ते बघून लोकांची भाकर गोड लागणार हाय व्हय?" अंबुबाई म्हणाली, पण पेटीतून लुगडं काढून दिलं. "हे माझं हाय, मी देते. दुसऱ्या बाईचं मागू नको."

म्हाळसानं ते लुगडं लाकडी चौकटीवर ताणलं. त्यावर चुना आणि गेरू फासला, फुटक्या बांगड्यांचे तुकडे लाखेत बसवले, कडेनं हळदीच्या हाताचे ठसे उठवले आणि मधोमध कोळशानं एक पाठमोरी बाई काढली. उस्तानींनी मान वाकडी करून पाहिलं.

"अच्छा है. मगर दूर से अच्छा है. दर्द किधर है?"

तो शब्द तिला झोंबला. पुढच्या माघात शाळेत प्रदर्शन होतं, हैदराबादचे साहेब लोक येणार होते, आणि ज्या मुलीचं काम पसंत पडेल तिला तिकडच्या चित्रशाळेत जागा मिळणार होती. वसतिगृहासकट. हे सगळं डोक्यात घेऊनच ती दसऱ्याला घरी आली.

आत्या काढणीला गेली होती. सोप्यात वाकळीसाठी आलेलं गठुडं पडलं होतं, गावचा सारा वसूल करणाऱ्या श्रीपतराव माली पाटलाच्या घरचं. म्हाळसानं ते सोडलं. आत राजूबाईची चोळी होती. राजूबाई म्हणजे पाटलाची बायको, कडगंचीची लेक, उणीपुरी वीस वर्षांची, कडेवर दोन वर्षांची पोर सुमन. हुमनाबादच्या बाजारात माहेरचं माणूस भेटलं आणि ती त्याच्याशी बोलत उभी राहिली, एवढ्यावरून नवऱ्यानं बैलाचा चाबूक घेतला होता. गावाला हे ठाऊक होतं आणि नव्हतंही. चोळीवर खांद्यापासून खाली रक्ताचे पट्टे उमटले होते. धुवून धुवून तपकिरी झालेले, पण गेलेले नाहीत.

म्हाळसानं चोळी उचलली. गठुडं हलकं लागू नये म्हणून त्यात आपलं जुनं परकराचं कापड कोंबलं, गाठ होती तशीच बांधली. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. मनाची समजूत घातली की नाव कुठं लिहिणार आहोत आपण?

इथंच पोरगी चुकली. गुलबर्ग्यात चार वर्षं राहून ती विसरली की मुडबीत माणूस चेहऱ्याआधी कापडावरनं ओळखतात. वर्षाला दोन लुगडी असलेल्या बाईचं कापड हेच तिचं नाव असतं. लिहायची गरजच काय?

माघात चित्र लागलं. कोळशाच्या बाईच्या पाठीवर ती चोळी शिवलेली, तीही आतली बाजू बाहेर करून. साहेब लोक तिच्यापुढं बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. उमाजीला उर्दूचं अक्षर कळत नव्हतं, आणि बायामाणसांच्या शाळेत कसं बोलावं हेही. म्हणून त्यानं बरोबर शहाणा माणूस आणला. आणला तो कोण, तर श्रीपतराव.

"वाकळ उलटी टांगलीया की," उमाजी म्हणाला. "म्हाळसे, सुलटी करा म्हणावं मास्तरणीला."

श्रीपतराव खो खो हसला. "उमाजी, ह्याला आरट म्हणतेत." हसत हसत पुढं झाला आणि थांबला. चोळीच्या बगलेत पिवळं ठिगळ होतं. त्याच्याच जुन्या पटक्याचं. तो मागं वळला, म्हाळसाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरगी हुशार हाय तुझी." त्या हाताचं वजन म्हाळसाला पुढं कितीतरी वर्षं जाणवत राहिलं.

आठ दिवसांत मुडबीहून बोलावणं आलं. श्रीपतरावानं पंच बसवले होते. बायकोनं घरची अब्रू शहरात टांगायला दिली, असली बाई घरात नको, असं त्याचं म्हणणं. राजूबाई शपथेवर सांगत होती की मी दिली नाही. तेव्हा पंचांनी ठरवलं की पोरीनंच सांगावं. पोरगी म्हणाली घेतली, तर राजूबाई घरात राहील. म्हणाली दिली, तर कडगंचीची वाट. सुमन मात्र बापाकडं.

त्याच आठवड्यात म्हाळसाला जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं. दाखल होताना गावाकडून नेकचलनीचा, म्हणजे चांगल्या वागणुकीचा, दाखला न्यायचा होता. चोराला असला दाखला कोण देतं?

चावडीकडं जाताना अंबुबाईनं तिला वाटेत उभं केलं.

"गठुड्यात तुझा परकर घावला मला. म्या कुणाला बोलले न्हाई. तू घेतलीस, एवढं सांग. खरं हाय तेच सांग."

"चोर म्हणतील, आत्या."

"म्हणू दे. चार दिस म्हणतील. राजूच्या पोरीचं काय?"

"माझं सगळं जाईल गं!"

"तुझं अजून कुठं आलंय जायला?"

चावडीत पुरुष बसलेले. बाया भिंतीआड उभ्या, त्यात राजूबाई. म्हाळसाला सगळे पंच दिसत होते, ती एकटी दिसत नव्हती. श्रीपतरावानं विचारलं, "दिली का घेतली?"

बाईवरचा दाब म्हणजे काय, हे चौकटीवर मांडून साहेबांना समजावणारी ही पोरगी. चार माणसांनी तिच्याकडं पाहिलं, आणि तिनं तोच दाब उचलून भिंतीआडच्या बाईवर लोटला.

"दिली," ती म्हणाली. "राजूअक्कानंच दिली."

भिंतीआडून राजूबाईचा आवाज आला, खणखणीत. "पाठवा हिला हैद्राबादला. लई पुढं जाईल ही."

त्याच दुपारी गाडी जुंपली. सुमनला आतल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. तिचं रडणं म्हाळसाच्या घरापर्यंत येत होतं, आणि अंबुबाई भाकरी थापत होती. त्या दिवसापासून ती भाचीशी बोललीच नाही. आणि गावातल्या बायांनी अंबुबाईकडं कापड देणं बंद केलं. आत्यानं तोंडाला टाका घातला होता, तो उसवला भाचीनं, पण शिक्षा आत्याला झाली. सुई ठेवून ती दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायला लागली.

म्हाळसा हैदराबादला गेली. चित्र तिथंही लागलं, लोकांनी नावाजलं. एका बेगमसाहेबांनी रुमालानं डोळे टिपत विचारलं, "ये चोली किसकी है, बेटी?" दुसऱ्या दिवशी म्हाळसानं चोळीचे टाके एक एक कापून काढले. चौकटीतली पाठ रिकामी झाली, तशी तीही. त्यानंतर तिच्या हातून बाईचं चित्र उतरलं नाही. फुलदाण्या काढल्या, घुमट काढले, परीक्षा दिली. पास झाली.

चोळी घेऊन ती कडगंचीला गेली तेव्हा अठ्ठेचाळीस साल लागलं होतं. राजूबाईच्या भावाच्या, हरिबाच्या दाराला कुलूप. शेजारच्या मडिवाळप्पानं सांगितलं, रझाकारांच्या धास्तीनं सगळे सोलापूरकडं निघून गेले. नेमकं कुठं, कुणाला ठाऊक.

"राजूअक्का बी गेली?"

"गेली की. जाताना मुडबीकडं तोंड करून उभी ऱ्हायली जरा. पोर हाय म्हणं तिची तिकडं."

निजामाचं राज्य गेलं त्या भाद्रपदात म्हाळसा मुडबीच्या चावडीत जाऊन उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. "मी खोटं बोलले," म्हणाली. "चोळी मी चोरली होती." पंचांतला एक म्हातारा जांभई देत म्हणाला, "आता कामून सांगायलीस पोरी? पाटलानं दुसरी केली, तिला लेकरू बी झालं." भिंतीआड बाया होत्या. त्यांच्यातून अंबुबाई निघून गेली, मागं न बघता.

फक्त सुमन, आता सहा वर्षांची, चावडीच्या पायरीपाशी येऊन म्हणाली, "म्हंजे माझ्या आईनं न्हाई दिली?"

"न्हाई."

"मग ती कुठं हाय?"

म्हणून हे तुमच्यापुढं. सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, तुम्ही कुठंही असा, तुमच्या गल्लीत हैदराबाद राज्यातून पळून आलेली एखादी राजूबाई असेल, माहेर कडगंची, सासर मुडबी, तर तिच्या दारात जा. चित्राचं काही सांगू नका. एवढंच सांगा की म्हाळसानं चावडीत खरं सांगितलं, आणि सुमन वाट बघायलीय.