पबच्या माडीवर आबांचं पीठ

कोल्हारच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मला निरोप द्यायला सात माणसं आणि एक शेळी आली होती. शेळी शेजाऱ्यांची होती आणि माणसांच्या मागून उगाच आली होती. पण मी हा प्रसंग सांगताना तिला कधी वगळत नाही. आई रडत होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅग गाडीत चढवली, ती सीटखाली बसेना म्हणून पायाने दाबून बसवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "कायबी खा. पन पिऊ नको."

मी मान डोलावली. माझ्या खिशात नेमणुकीचं पत्र होतं, आणि ज्या इंग्लिश कंपनीचं ते पत्र होतं ती कंपनी बिअर बनवत होती.

आबांना मी सांगितलं होतं की कंपनी धान्यावर प्रक्रिया करते. यात खोटं काही नव्हतं. बिअर जवापासून होते आणि जव हे धान्य आहे. पण आबांना खरं सांगण्याची माझी छाती नव्हती. आमच्या घरी पंचशील नुसतं भिंतीवर टांगलेलं नव्हतं. आबांचे थोरले भाऊ, आमचे दादा, हातभट्टीने गेले होते. त्यांच्यामागे आबांनी पाचवं शील, दारूपासून लांब राहण्याचं, असं धरलं की आसपासच्या चार वस्त्यांत त्याची धास्ती होती. साखर कारखान्यात ते फिटर होते. कारखान्याला लागूनच दारू गाळायचा विभाग होता. तीस वर्षांच्या नोकरीत त्या फाटकातून आबा एकदाही आत गेले नाहीत. तिकडची मोटार बिघडली की दुसरा फिटर जायचा.

तुम्ही जे गावी राहिलात, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलात, त्या सगळ्यांनी मला कधी ना कधी विचारलंय: "अरे, राहुरीला शेतीचं शिकलास आणि दारूत कसा गेलास?" तर ऐका.

इंग्लंडात एका नदीकाठी एक गिरणीवाला होता. त्याने जवाला मोड आणून, भाजून, उकळून बिअर करायला सुरुवात केली. आपण दह्याला विरजण ठेवतो ना, तसं एका घाण्यातलं यीस्ट तो पुढच्या घाण्याला राखून ठेवायचा. मी लागलो तेव्हा त्याच्या पणतवाच्या मुलाकडे कारभार होता आणि विरजण तेच होतं. त्या विरजणाची तब्येत बघणं हे माझं काम. रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ते बघायचं, मग बिअरचा घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि थुंकायचा. बाकीचे गिळायचे. मी थुंकायचो. मला तिथे 'थुंकणारा' असंच नाव पडलं आणि मी ते मिरवलं.

गिरणीवाल्याची पोरं बापापेक्षा हुशार निघाली. नुसती बिअर करून भागत नाही, ती विकायची जागाही आपली हवी, हे त्यांनी ओळखलं. मग त्यांनी गावोगावचे पब विकत घेतले. पब कंपनीचा, चालवणारा भाडेकरू, आणि बिअर विकायची ती कंपनीचीच. चालवणाऱ्याने वरच्या मजल्यावरच राहायचं, अशी रीत. मंगळवारी गाडी यायची आणि पिंपं फळीवरून घरंगळत तळघरात उतरायची. पूर्वी ही गाडी घोडे ओढायचे. त्यांचे पट्टे अजून कंपनीच्या कचेरीत भिंतीवर आहेत. हे सगळं समजायला मला अर्धा दिवस पुरला. आमच्या कारखान्याचे गट, गटात कचेरी, ऊस द्यायचा तो त्याच कारखान्याला, शाळा त्याची, पेट्रोल पंप त्याचा. मी मनात म्हणालो, हा तर आपलाच तालुका, फक्त थंड.

पुढे लोक घरी बसून प्यायला लागले. एकेक पब बंद पडला, विकला गेला. कितीतरी पबांच्या दारावर आता घराचा नंबर आहे आणि आत पाळणाघर किंवा दातांचा दवाखाना. उरलेल्यांना कंपनी म्हणाली, जेवण विका. तेव्हा माझी बायको रेखा म्हणाली, "मग आपणच घेऊ की एक." रेखा सावेडीची, शहरात स्कूटरवर वाढलेली, तिला निर्णय घ्यायला वेळ लागत नाही. आम्ही एका खेड्यातला पब चालवायला घेतला. नाव 'द प्लाऊ'. दारावर पाटी, पाटीवर रंगवलेला नांगर.

आई गेली आणि वर्षभराने आबा म्हणाले, "एकदा तुझं घर बघून जातो." सहा आठवड्यांचं तिकीट काढलं. मी तिकीट काढत होतो आणि रेखा माझ्याकडे बघत होती, बिबट्याकडे शेळी बघते तशी. अठरा वर्षं मी धान्यावर प्रक्रिया करत होतो.

आबा सोमवारी आले. सोमवारी आणि मंगळवारी पब बंद असतो. आबांनी गाडीतून उतरून पाटी बघितली. दारात आमचे गिऱ्हाईक डेरेक बाकावर बसले होते, ऐंशीला टेकलेले, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट. आत फळ्यावर गावच्या सभेची नोटीस, बटाट्याच्या बियाण्याची जाहिरात, हरवलेल्या कुत्र्याचा फोटो.

"सोसायटी व्हय रं ही?" आबांनी विचारलं.

नांगराची पाटी, शेतकरी, नोटिसा. कोल्हारच्या कुठल्याही माणसाला विकास सोसायटीच आठवली असती. मी म्हणालो, "तसंच काहीसं, आबा."

"आन् तू वर ऱ्हातो. सेक्रेटरी हायेस?"

"चालवतो मी."

आबांची छाती फुगलेली मी बघितली. नाटकाची हौस मला लहानपणापासून आहे, पण त्या दोन दिवसांत जे काम मी केलं तसं कुठल्याच गणेशोत्सवात केलं नव्हतं. बाटल्यांवर चादर टाकली. बिअरच्या पंपाच्या दांड्यांना टॉवेल गुंडाळले. रेखा म्हणाली, "बुधवारी काय करणार?" मी म्हणालो, "बुधवारचं बुधवारी."

बुधवारी दुपारी आबा जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत उतरले, एकदा नाकाने वास ओढला आणि तिथेच बसले. मी दांडा ओढत होतो, ग्लास अर्धा भरला होता.

संध्याकाळी वर गेलो. आबा खुर्चीत ताठ.

"किती वर्सं?" त्यांनी विचारलं.

"अठरा."

"पितोस?"

"नाही. तोंडात घेतो, थुंकतो."

त्यांनी रेखाकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं आहे आबा. त्यावरून हसतात इथे त्यांना."

मी तोंडाळ माणूस. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. म्हणालो, "आबा, तुमच्या कारखान्यातही दारू गाळायचेच की. पगार एकाच तिजोरीतून."

"गाळायचे. मी त्या फाटकातून गेलो न्हाई," आबा म्हणाले. "तू तर फाटकावरच घर बांधलं."

मग त्यांनी ठरवलेलं सांगितलं. कोल्हारहून आणलेलं बाजरीचं पीठ होतं आणि शेंगदाण्याची चटणी होती. ते तेवढंच खाणार. आमच्या स्वयंपाकघरातलं काही नको. ते दारूतून आलेलं. पीठ संपलं की तिकीट बदलून घरी.

रेखाने डबा उघडून बघितला. भाकऱ्यांच्या हिशोबाने पीठ अडीच आठवडे गेलं असतं.

घर बघायला आलेला बाप अडीच आठवड्यांत उपाशी परत जाणार आणि पुन्हा कधी येणार नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. बाकी कशाची भीती नव्हती.

रेखाने माझ्याशी चर्चा केली नाही. दहाव्या दिवशी ती गाडी घेऊन शहरातल्या गुजराती दुकानात गेली, बाजरीचं पीठ आणलं आणि आबा बाहेर फिरायला गेले असताना डब्यात ओतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. डबा कमी होईना. मी म्हणालो, "जादूचा डबा झाला. संशय येईल." ती म्हणाली, "तुम्ही अठरा वर्षं सांभाळलंत, मला चार आठवडे सांभाळू द्या."

दिवस असे जात. सकाळी आबा डेरेकशेजारी बाकावर बसायचे. डेरेकला मराठी येत नाही, आबांना इंग्रजी. एक माणूस पिकाकडे बोट दाखवायचा, दुसरा मान हलवायचा. दोघांच्याही बायका गेलेल्या. तेही कसं कोण जाणे एकमेकांना कळलं होतं. दुपारी आबा जिन्याच्या त्याच मधल्या पायरीवर बसून खालचं बघायचे. ती जागा त्यांनी कायम केली. तिच्याखाली कधी उतरले नाहीत.

चौथ्या आठवड्यात एका गुरुवारी एक रंगारी आमच्याकडे बसला होता. त्याने चौथा ग्लास मागितला. मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणालो, "आता बस. गाडीची किल्ली दे, उद्या घेऊन जा. कोबीचं सूप देतो, ते पी आणि घरी जा." तो चिडला, त्याने मला माझ्या देशात परत जायला सांगितलं. मी म्हणालो, "जातो, पण आधी किल्ली." डेरेक उठून माझ्या बाजूने उभे राहिले. किल्ली आली. इथे हे रोजचं आहे. झिंगलेल्याला वाढायचं नाही असा कायदाच आहे आणि कंपनी तर वर्षाला एकदा त्याचा वर्ग घेते.

वर गेलो तर आबा जिन्यावरच होते.

"तो काय म्हनत हुता?"

"अजून मागत होता. नाही दिली."

"गिऱ्हाईक असून?"

"हो."

आबांनी कठडा चाचपला. मग म्हणाले, "आमच्या दादाला आसं कुनीच म्हनलं न्हाई. एकानं जरी किल्ली घेतली आसती." दादांकडे गाडी नव्हती, साधी सायकलसुद्धा नव्हती. मी रंगाऱ्याची किल्ली खिळ्याला अडकवली.

त्यानंतरच्या शनिवारी डेरेकचा ऐंशीवा वाढदिवस होता. आमच्या खेड्यात ऐंशी झालेला माणूस बारच्या काउंटरमागे येऊन आपला ग्लास आपण भरतो. सगळं गाव जमलं. डेरेकनी दांडा ओढला आणि पंपाने घरघर करून नुसता फेस ओकला. कंपनीला फोन केला, मेकॅनिक सोमवारी. मी तळघरात उतरलो, नळ्या हलवल्या, काही कळेना. मागे पाहिलं तर तळघराच्या दाराशी, जिथे पायऱ्या सुरू होतात तिथे, आबा. ते घराबाहेरच्या जिन्याने उतरून अंगणातून वळसा घालून आले होते.

"हवा धरलीय," ते वरूनच म्हणाले. "आवाजावरून कळतंय. मी हात लावनार न्हाई. मी सांगतो, तू कर."

"सांगा."

"पाना घे. पिंपाजवळचा नट सोड. उलटा फिरवतो व्हय, शिकलेला हायेस ना? हां. आतला वायसर काढ. एका बाजूनं खाल्लाय?"

"हो."

"धू आन् उलटा घाल. आवळ. लई नको, चिरंल."

मी वर जाऊन दांडा ओढला. सरळ धार आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी झकास मुजरा केला, जणू बिघाड मीच शोधला होता. डेरेकना मात्र बरोबर कळलं. ग्लास तसाच ठेवून ते अंगणात गेले आणि आबांचा हात दोन्ही हातांनी धरला. आबा म्हणाले, "याला सांग, एकच पी." मी सांगितलं. डेरेक म्हणाले, "दोन. वाढदिवस आहे." आबा म्हणाले, "बरं, दोन."

गर्दी ओसरल्यावर वर गेलो. रेखाचे पाय उभं राहून भरून आले होते, तरी ती आबांसाठी डब्यातलं पीठ काढायला लागली.

"ऱ्हाऊ दे पोरी," आबा म्हणाले. "खाली केलंय त्यातलंच दे कायतरी. बटाटे हायेत का?"

रेखाचा हात डब्यातच राहिला. "आबा, पीठ आहे अजून."

"हाय ना. लईच हाय. आगं, बाजरीचं पीठ पंधरा दिसात कडू पडतं. महिना झाला, भाकरी आपली गोडच लागतीय. मला कळंना व्हय?"

मी खो खो हसलो, रेखा रडायला लागली, आणि आबा बटाट्याची वाट बघत ताट पुढे धरून बसले. म्हणजे पंधराव्या दिवसापासून ते जाणूनबुजून आमचंच खात होते. काही न बोलता, दोन्ही वेळा.

लोक विचारतात, आता घर कुठलं? कोल्हारच्या घराला कुलूप नाही. आबा तिथे आहेत. हा पब माझा नाही, कंपनीचा आहे, आणि कंपनी उद्या तो दातांच्या दवाखान्याला देऊ शकते. दोन्हीकडे मी पाहुणा आहे आणि दोन्हीकडे मला भूक लागते. पण जिथे बाप आपला हट्ट सोडून माझं ताट पुढे ओढतो, तिथे मी पाहुणा नाही, एवढं मला त्या शनिवारी कळलं.

सहा आठवडे पुरे करूनच आबा गेले. विमानतळावर त्यांची पिशवी मी काट्यावर ठेवली. येताना होती त्याच्या निम्मी भरली. आबांनी काट्याकडे बघितलं आणि अगदी व्यवहाराची गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "पुढच्या बारीला पीठ आननार न्हाई. वजन लई हुतं."