मुठीतली सरकी

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. माझ्या धाकट्या भावाचं उलटंच झालं. त्याची जादू आमच्या हिंगणी-केळझरकडच्या कापूसपट्ट्यातच चालायची, आणि आम्ही सगळ्या शहाण्यांनी त्याला टीव्हीवरच्या जादूच्या स्पर्धेत धाडलं.

शेती सांभाळून तो गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला प्रयोग करायचा. पत्ते, रुमाल चारचौघांसारखेच. लोक थांबायचे ते शेवटच्या खेळासाठी. तो एखाद्या बाईला वर बोलवायचा, झाडावरून वेचलेला कापूस तिच्या हातात द्यायचा, मूठ मिटायला सांगायचा आणि फुंकर मारायचा. मूठ उघडली की कापूस तोच, पण आत एकही सरकी नाही. ती निघायची पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी खिशातून. बायका तो कापूस चिवडून चिवडून बघायच्या. देवाच्या वातींसाठी सरकी काढता काढता त्यांचा जन्म गेलेला. बी कापसाला किती चिकटून असतं ते त्यांच्या बोटांना ठाऊक. "आमच्या घरी येजो रे बाप्पा," एखादी म्हणायची, "वातीचं काम तरी वाचंन."

नागपूरच्या निवडफेरीत याच खेळाला टाळ्या पडल्या. मग मुंबई.

कार्यक्रम लागला त्या दिवशी सिंदीला माझ्या घरची बैठक माणसांनी भरली होती. त्याच्या आधीच्या जादूगाराने धुरातून अख्खी मोटारसायकल काढली. मग आमचा हा, पांढऱ्या कुडत्यात, हातात चिमूटभर कापूस. परीक्षक बाईंनी मूठ मिटली, उघडली, कापूस उलटापालटा करून पाहिला आणि वाट बघत राहिल्या.

"छान," त्या म्हणाल्या. "आता याचं काय होणार?"

आधी कापूस, नंतरही कापूस. त्यांनी पाहिलेला तो औषधाच्या दुकानातला. त्यात बी असतं हे त्यांना कुठून कळावं? शेजारच्या परीक्षकाच्या खिशातून सरकी निघाली, तेव्हा त्यांनी ती टेबलावर ठेवून हात झटकले. "अरे, सरकी होती म्हणून सांग ना त्यायले," आम्ही इकडून टीव्हीशी भांडत होतो. गाढवाला गुळाची चव काय, म्हणून मी तेव्हा राग काढला. आता वाटतं, त्या बाईंचा तरी काय दोष.

परत आल्यावर विचारलं, "काऊन नाई सांगितलं रे?"

"मले वाटलं, कापूस तं साऱ्यायलेच माहीत असते."

त्यानंतर त्याने नागपूरहून लायटिंगवाली जादूची पेटी आणली. वाढदिवसांना बोलावतात त्याला, बरं चाललं आहे. कापसाचा खेळ मात्र बंद. तो हरला त्याचं मला फारसं काही नाही. पण त्या बाईंच्या नजरेनं तो स्वतःकडे बघायला लागला, याची चुटपुट जात नाही.

यंदा वेचणीच्या दिवसांत त्याच्या शेतावर गेले होते. धुऱ्याच्या बांधावर बसल्या बसल्या मी एका बोंडातला कापूस काढून त्याच्यापुढे धरला. "माह्यासाठी कर ना एक डाव."

त्याने कापूस घेतला. मूठ मिटायची म्हणून मी हात पुढे केला. पण त्याने एकेक सरकी बोटांनी ओढून काढली, आपण सगळे काढतो तशी, आणि उरलेला मऊ कापूस माझ्या तळहातावर ठेवला.

"घे ताई," तो म्हणाला. "त्याच्यात काय हाय मोठं."