चांगदेव तांडेलचे पाच गुण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून आयुष्यात दुसरं काहीच लपवलं नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून असेल कदाचित, तुमच्याशी बोलणं जरा सोपं वाटतं.

तसं माझं छान चाललंय. खारघरला मुलाकडे राहतो. सकाळी गॅलरीत ऊन येतं, जुने विद्यार्थी भेटायला येतात. सगळे एकच आठवण काढतात — गुरुजींनी आम्हाला खाडीवर नेऊन प्रकाशाचं ध्रुवीकरण दाखवलं. तो तास मी तीस वर्षं घेतला. इन्स्पेक्टरांनी पाठ थोपटली. लोक मला त्या तासामुळेच ओळखतात. आणि नेमकं तेच — पण आधीपासून सांगतो.

साठ सालानंतरची गोष्ट. नवी मुंबई हे नावही नव्हतं. मिठागरं, भातशेती आणि खाडीकाठची आमची शाळा. मी पंचविशीतला, पदार्थविज्ञान शिकवणारा. शाळेत पोलरॉइडच्या दोन चकत्या आल्या, करड्या काचेसारख्या. एकीवर एक धरून वरची फिरवली की पाव फेरीत अंधार, पुढच्या पाव फेरीत पुन्हा उजेड. पहिली चकती प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं पुढे सोडते, दुसरी आडवी आली की तीही अडतात. पुस्तकात पुढे लिहिलं होतं — एकच चकती फिरवली तर फरक दिसत नाही. ते मी मुलांकडून पाठ करून घेतलं. स्वतः पाहिलं होतं का? पाहिलं होतं. मेणबत्ती लावून, वर्गात बसून.

चांगदेव तांडेल करावे गावचा, कोळ्याच्या घरातला. चकत्यांची पेटी सांभाळायचं काम मी त्याला दिलं होतं. प्रिलिमच्या पेपरात त्याने लिहिलं — एका चकतीनेही फरक दिसतो. चकतीतून खाडीकडे बघत ती फिरवली तर पाण्यावरची चमक जाते आणि तळ दिसतो. पहिली चकती म्हणजे खाडीचं पाणी.

पाच गुणांचा प्रश्न. मी शून्य दिलं. त्याची बेरीज झाली बत्तीस; पास व्हायला पस्तीस लागत. प्रिलिमला नापास झालेल्याचा मॅट्रिकचा फॉर्म शाळा पुढे पाठवत नसे.

एवढ्यावर थांबलो असतो, तर ती नुसती चूक होती. मी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. म्हणालो, "मग तांडेल, बोर्डाच्या परीक्षेला खाडी बरोबर नेणार का?" वर्ग हसला. 

पण त्याच्या पेपरातलं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. रविवारी ओहोटीच्या वेळी एक चकती घेऊन काठावर गेलो. तिरप्या उन्हात पाणी पत्र्यासारखं चमकत होतं. चकती फिरवली — आणि चमक विझली. खाली चिखल, त्यावरून तिरका चालणारा एक खेकडा. पुन्हा फिरवली, खेकडा गेला, पत्रा आला. खरं सांगू? मला फार आनंद झाला. लहान मुलासारखा मी तासभर तिथे चकती फिरवत होतो. पाण्यावरून परतणारा प्रकाश आधीच गाळलेला असतो. पोराने ते माझ्याआधी पाहिलं होतं.

सोमवारी हेडमास्तरांनी विचारलं, फॉर्म पाठवायचेत, कुणाच्या गुणांत काही बदल?

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? वर्गासमोर उभं राहून 'तांडेल बरोबर होता' म्हणावं लागलं असतं. एवढंच. दुसरं कारण मी साठ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

चांगदेव बापाच्या होडीवर गेला, शाळेत पुन्हा आला नाही. आणि पुढच्या वर्षी मी नवा वर्ग खाडीवर नेला. हे कसं सुचलं, असं मुलांनी विचारलं तेव्हा म्हणालो, सहज सुचलं.

तो आजही करावेला आहे, खुशीत आहे. नातवंडं शिकली. दर थंडीत माझ्यासाठी कोलंबी घेऊन येतो, सोफ्याच्या कडेवर बसतो. मागच्या खेपेला हसत म्हणाला, "गुरुजी, मी तवा पेपरात कायतरी येड्यासारखं लिवलं व्हतं. तुमी गुन कापलं ते बरोबरच. पान्यावर डोले फसतात मानसाचे."

ज्या डोळ्यांनी त्याने जन्मभर पाण्यावर पोट भरलं, त्या डोळ्यांबद्दल तो हे म्हणत होता. मी काय केलं? चहा पुढे केला. संध्याकाळी कोलंबीचं कालवण झालं. चांगलं झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

तेव्हा हे लिहून ठेवतो. चांगदेव तांडेल, करावे. उत्तर बरोबर. पाचपैकी पाच. बेरीज सदतीस. पास.