कल्पिताला गाडी लागते

आमच्या सुनेला, कल्पिताला, गाडी लागते. थोडीथोडकी नाही. लग्न लागून वरात घरी आली, तर हिनं माप ओलांडायच्या आधी आमच्या दारात उलटी केली. मी कपाळाला हात लावला.

आणि हीच बाई रोज घोडबंदर रोडनं बसनं ठाण्याला जायची, ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायला. कासारवडवली सोडली की माजिवड्यापर्यंत नुसतं ट्रॅफिक, ब्रेक नि धक्के. माझ्या लेकाची, विकीची, मोठी कार आहे, पण तिच्यात तर एसीच्या वासानंच हिला मळमळतं. आमचं मिठागर गेलं, शेतं गेली, तिथं बिल्डिंग आली, आता भाडं घरबसल्या येतं. मी म्हणायचे, बाय, कशाला जिवाचे हाल करतेस? ती हसायची आणि पिशवीत लिंबू टाकून उपाशीपोटी निघायची. अशी जिद्द मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

गेल्या वर्षी बसमधून उतरताना चक्कर येऊन पडली, हात मोडला. मग मात्र नोकरी सोड म्हणून विकी अडून बसला. तीही थकलेली. यंदा परीक्षा झाल्या की नोकरी सोडते म्हणाली, नि म्हणताना डोळे भरून आले तिचे. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मेट्रो सुरू झाली. गावातली सगळी पोरं फिरून, फोटो काढून आली. ही काही तयार होईना. चाकं लावलेलं सगळं सारखंच, म्हणे. मी वैतागले. पदर खोचला नि म्हटलं, चल, मी येते सोबत, बघू काय होतंय ते.

मेट्रोत मी तिच्या तोंडाकडेच बघत बसलेले. घाम नाही, काही नाही. दोन स्टेशनं गेली नि बाई शेजारणीशी चक्क गप्पा मारायला लागली. बसमध्ये बिचारीला तोंड उघडायची सोय नव्हती.

उतरून आम्ही थेट तिच्या वर्गात गेलो. एरवी म्हणे ती पोचली की आधी आडवी पडायची. कृतिका नावाची एक चिमुरडी होती. कल्पितानं तिचा एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, दुसरा तिच्याच गळ्यावर, आवाजाची थरथर हाताला कळावी म्हणून, नि म्हणाली, "पाणी." पोरीच्या तोंडून नुसती हवा आली. पुन्हा. पुन्हा. किती वेळा ते देवाला माहीत. माझा धीर सुटला, हिचा नाही. आणि मग ती पोर घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पाणी."

मी बाहेर आले. विकीला चांगलं सुनावायचं म्हणून फोन लावला, तर माझ्याच तोंडून शब्द फुटेना. तो आपला हॅलो हॅलो करतोय. कल्पिता मागून आली, तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"विकी," ती म्हणाली, "मी नोकरी सोडत नाही."