मिठाला आलेला गवा

बुधाजींचे आजे-पणजे मिठागरावर राबले. मिठागर सुटलं, कुटुंब बदलापूरजवळच्या डोंगराखाली शेती करू लागलं. पण घरचा एक रिवाज टिकला. मिठासाठी आलेल्याला रिकामं परत धाडायचं नाही, मग तो माणूस असो वा जनावर.

म्हशींसाठी ते वरच्या बांधाजवळ कातळावर खडेमीठ ठेवत. एका पहाटे तिथे गवा चाटताना दिसला. काळाभोर, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, कळपातून फुटलेला एकटा नर. तेव्हापासून बुधाजी मूठभर मीठ जास्त ठेवू लागले.

"मना कंदी एक साडी आनली नाय, आन् त्या रानरेड्याला रोज मीठ," त्यांची बायको बनूबाई म्हणायच्या.

"तू कंदी मीठ मांगलंस?" बुधाजी हसायचे.

बांधावरचे खुरांचे ठसे पाहून वनरक्षक नूतन घरी आली. "काका, हे बंद करा. त्याला लागणारे क्षार जंगलात मिळतात. माणसाची भीती गेली की गवा वाचत नाही."

"बरं बाय," बुधाजी म्हणाले. पण दारी आलेल्याला परतवायचं कसं, हे त्यांना उमगेना. नूतनची फेरी कातळावरून जायची. म्हणून त्यांनी मीठ खाली आणलं, गोठ्यामागे ठेवलं. गव्यानेही ती जागा हेरली. गोठ्याला लागूनच नव्या इमारती उभ्या होत्या, त्याचा विचार बुधाजींच्या मनात आला नाही.

एका सकाळी गच्चीवरून कुणीतरी त्याला पाहिलं आणि मोबाइलवर फोटो फिरला. एमआयडीसीतून रातपाळी करून परतणाऱ्यांच्या रिक्षा थांबल्या. शिट्ट्या सुरू झाल्या, कुत्री सुटली. बुधाजी हात पसरून आडवे उभे राहिले.

"मागं व्हा रं. तो आपसूक वर जाईल."

"ए अंकल, साइड हो ना, व्हिडिओ में आ रहे हो."

गवा बिथरला. एका कंपाउंडच्या भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे धावत राहिला. डोंगर समोर दिसत होता, पण तिकडची वाट गर्दीने अडवली होती. वनखात्याची माणसं येऊन गर्दी हटवेपर्यंत तो चिखलात गुडघ्यांवर बसला होता. तोंडाला फेस. मग मान टेकली. पळून पळून छाती फुटली, असं वनखात्याचे डॉक्टर म्हणाले.

बुधाजींचा मुलगा कैलास पाळीवरून तसाच आला होता. बापाकडे न बघता तो नूतनला म्हणाला, "मॅडम, वाट चुकून आला असंल."

"नाय," बुधाजी म्हणाले. "वाट नाय चुकला. माझ्याकडंच येत व्हता. मीठ मी खाली आनलं."

कैलासने मान खाली घातली. गव्याच्या उघड्या डोळ्यावर माश्या बसत होत्या, त्या नूतन हाताने उडवू लागली. थोड्या वेळाने बुधाजीही चिखलात पलीकडच्या बाजूला बसले आणि दुसऱ्या डोळ्यावरच्या उडवत राहिले.