बिनआवाजाचा कॉम्प्युटर

वाळूजच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये पंधरा वर्षं काढली की घरी आल्यावरही कानात पत्रा वाजत राहतो. म्हणून हॉलमधल्या टीव्हीला जोडायला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती. आवाज नको. तीन महिने मी सुटे भाग निवडत होतो. प्रोसेसर कमी तापणारा, म्हणजे त्याला पंखा नको, उष्णता ओढून घेणारा नुसता जाड हीटसिंक पुरे. पॉवर सप्लाय मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्याचा. कॅबिनेटच्या पायांखाली रबर. इतक्या काळजीनं मी घरातल्या माणसांसाठी काही निवडल्याचं आठवत नाही.

ती दुष्काळाची वर्षं होती. बीड बायपासला आमच्यासारख्या इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं, तेही किती वाजता, याचा नेम नाही. गावाकडची, पाचोडची विहीर आटल्यावर आई आमच्याकडे राहायला आली आणि पाण्याचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. पाण्याच्या दिवशी नळ उघडा ठेवायचा, खाली रिकामा स्टीलचा हंडा. धार पडली की हंडा वाजायचा. घरोघर हेच.

त्या रविवारी बायको माहेरी, लासूरला गेली होती. दुपारी आई म्हणाली, "नळ उघडा ठिवलाय. जरा पाठ टेकते. हंडा वाजला की उठतेच म्या."

मशीन जोडून झालं होतं, तरी कुठून तरी बारीक घरघर येत होती. ती पंख्याची की हार्ड डिस्कची, हे कळलं की डिस्कच्या जागी बिनआवाजाची एसएसडी घ्यायची की नाही ते ठरणार होतं. मी कॅबिनेटला कान लावला. तेवढ्यात स्वयंपाकघरात नळ सूं सूं करायला लागला. पाणी येण्याआधी नळातून हवा येते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी उठलो, नळ बंद केला, परत येऊन कान लावला. घरघर हार्ड डिस्कचीच होती. मला आनंद झाला.

आई उठली ती शेजारच्या वहिनींच्या हाकेनं. "मावशी, भरलं का सगळं? आज चांगलं तासभर आलं."

आई स्वयंपाकघरात गेली. हंडा कोरडा. "नळ कुणी बंद केला रं?"

"तूच केला असशील."

"म्या?"

"पडायच्या आधी. सवयीनं."

तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. "आसंल बाबा," म्हणाली.

खरं सांगितलं असतं तर तिनं तासभर तोंड सोडलं असतं, आणि आम्ही टँकर मागवला असता. एवढंच. पण आदल्याच आठवड्यात मी दोघींना सुनावलं होतं की तुम्हाला साधं पाणी भरता येत नाही. ते शब्द मला गिळायचे नव्हते.

संध्याकाळी बायको आली. नळाचं ऐकून ती आईबद्दल सहज म्हणाली, "आत्याबाईंचं वय झालं आता." मी हूं म्हटलं. त्या हूंवर पुढचं सगळं उभं राहिलं. आई गॅसचं बटण तीनदा तपासू लागली. मग गॅस पेटवायचंच सोडलं. घराची किल्ली स्वतःकडे ठेवून घेईना. मीच तिला डॉक्टरकडे नेलं. विसरणं कधीपासून, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नळाचीच गोष्ट सांगितली. आई शेजारी मान खाली घालून बसली होती. गोळ्या सुरू झाल्या.

मशीन मात्र उत्तम झालं. सुरू आहे हे कळायचंही नाही.

मागच्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, आईला सांगितलं. नळ मी बंद केला होता.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "हाताला काय आठवंना. पण तू म्हनलास ना. तू कशाला खोटं बोलशील?"

रागावली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. कितीतरी वर्षांनी तिनं स्वतः चहा ठेवला. दोन कप घेऊन आली, एक माझ्या हातात दिला. खाली बसता बसता थांबली आणि म्हणाली, "जाऊन बघ बरं, गॅस बंद केलाय का म्या?"

मी उठलो. बटण बंद होतं.