चकाकीच्या बाटलीचा कागद

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. सांगायला बसले की जीभ दुसरीकडेच वळते – हवेबद्दल बोलते, ऊन किती वाढलंय ते बोलते. आज तरी वळू नये.

आधी माझं काम सांगते. सोपं आहे ते. मी लोहाऱ्याला राहते, यवतमाळला लागूनच. नवरा सरकारी कचेरीत, मुलगा बाहेरगावी शिकायला. रिकाम्या घरात मी मणी करायला लागले. पॉलिमर क्ले म्हणून एक रंगीत लगदा मिळतो, कणकेसारखा मऊ. त्याचे गोळे वळायचे, सुईने भोक पाडायचं, छोट्या ओव्हनमध्ये भाजायचे. मग पाण्यात बुडवून बारीक पॉलिश पेपरने घासायचे. एवढं करूनही मणी निस्तेजच दिसतो. त्याला जीव येतो तो वरच्या थराने. आणि तो थर – तिथेच माझी गोष्ट अडकली आहे.

सुरुवातीला मी पाण्यातलं वॉर्निश वापरायची. दुधासारखं पांढरं, वाळलं की पारदर्शक. चकाकी बेताची. नागपूरच्या एका दुकानाने माझ्या माळा घेतल्या, आणि दोन महिन्यांनी तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या, "काचेसारखं दिसलं पाहिजे. असं मेणचट नको." मग मी दुसरी बाटली मागवली. रेझिनची. मधासारखं दाट, काडीने मण्यावर पसरायचं आणि निळ्या-जांभळ्या दिव्याखाली ठेवायचं, की मिनिटाभरात कडक. पहिला मणी झाला तेव्हा मी तो खिडकीशी नेऊन पाहिला. त्यात खिडकी दिसत होती, तिचे गजसुद्धा. मी हरखून गेले होते हो! वर्षानुवर्षं मी कुणाची तरी बायको होते. आता लोक विचारत होते, हे कोणी केलं?

करुणा मागच्या गल्लीतली. अठ्ठावीस वर्षांची, नर्सिंगचा कोर्स केलेली, उपकेंद्रावरच्या नेमणुकीची वाट पाहत घरी बसलेली. तिच्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. त्या घरात शिकण्याला फार मान. बाप नव्हता. माय अंगणवाडीत मदतनीस. करुणाचे हात – आता हे लिहिताना थांबावं लागतं – इतके स्थिर हात मी पाहिले नाहीत. काडीच्या टोकावर थेंब घ्यायची आणि तो मण्यावर असा फिरवायची की एक बुडबुडा राहायचा नाही. "ताई, सलाईन लावाले शिकलो आम्ही, हे तं काहीच नाही," असं म्हणून हसायची. थराचं सगळं काम मी तिच्याकडे दिलं.

माझे हात काय वाईट होते? मग मी त्या टेबलावर का बसत नव्हते? कारण बाटलीबरोबर एक कागद आला होता, इंग्रजीत, बारीक अक्षरात. कातडीला लागू देऊ नका. हातमोजे घाला. खोली उघडी ठेवा. वारंवार लागलं तर ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की जन्मभर राहते. मी तो कागद दोनदा वाचला होता. वाचून मी स्वतः वळायचं आणि ओवायचं काम धरलं – हे ठरवून केलं असं तेव्हा मनातसुद्धा म्हटलं नाही. पण केलं.

करुणाने पहिल्या आठवड्यात स्वतःहून विचारलं होतं, "मोजे घालू का, ताई?" घातलेही. पण उन्हाळा होता, मोज्यांत घाम यायचा, मणी निसटायचे, काम निम्म्यावर आलं. मी म्हणाले, "राहू दे ग, त्यात काही नसतं." तिने काढून ठेवले. खिडकीही मी लावून घ्यायची, धूळ थरावर बसते म्हणून.

चौथ्या महिन्यात तिच्या बोटांच्या मधल्या जागा लाल झाल्या. मग फोड. मग ते फुटून पाणी. "काहून होऊन राह्यलं काय माहीत," ती म्हणायची, आणि हात पदराला पुसून पुन्हा काडी उचलायची. मी तिला खोबरेल तेल दिलं. साबण बदल म्हणाले. रोज सकाळी ती आली की माझी नजर आधी तिच्या हातांकडे जायची, आणि रोज ते थोडे जास्त लाल असायचे. मनगटापर्यंत आलं. मग कोपराकडे चढलं. मी बघत होते. घरात तो रेझिनचा गोडसर, डोक्यात बसणारा वास आणि दिव्याचा निळा उजेड. आणि मी ओवत बसलेली, मान खाली घालून.

पावसाळ्याच्या शेवटी ती यवतमाळला कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. दुसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाली, "ताई, डाक्टरनं बाटलीचा कागद आणाले सांगतला. कायचं काम करता ते पाहाचं म्हणे."

आता सांगते. इथपर्यंतचं सगळं कदाचित निष्काळजीपणात बसेल. हे बसत नाही.

मी आत गेले. कपाटात दोन कागद होते, एक जुन्या वॉर्निशचा, एक रेझिनचा. एकाच दुकानातून आलेले, वर नाव एकच, खाली चकाकीसाठी म्हणून लिहिलेलं. मी किती वेळ उभी होते? फार नाही. दाराशी ती उभी होती, तिच्या चपलेचा आवाज येत होता. दुकानाची मोठी मागणी होती, लग्नसराईची. डॉक्टरने काम बंद करायला सांगितलं असतं. मी वॉर्निशचा कागद उचलला. बाहेर येऊन तिच्या हातात दिला. तिने तो बोटांच्या टोकांनी धरला, कारण तळवे उललेले होते. "थँक्यू ताई," म्हणाली.

डॉक्टरांनी कागद वाचला. पाण्यातलं आहे, याने होणार नाही, म्हणाले. राहता कुठे, विचारलं. घराच्या मागे मोकळं रान, तिथे कंबरेएवढं गाजरगवत. झालं. गाजरगवताने आपल्याकडे कितीकांचं अंग उठतं, डॉक्टरांचं तरी काय चुकलं?

तिच्या मायने ते गवत उपटलं. एकटीने. घराभोवतीचं, मग गल्लीतलं, मग नाल्यापर्यंतचं. आठवडाभर, अंगणवाडीतून आली की साडी खोचून, उघड्या हातांनी. मी फाटकाशी उभी होते तेव्हा वर बघून म्हणाली, "एक काडी नाही ठेवत, बाई. माह्या पोरीचे हात खाल्ले यानं." तिच्या स्वतःच्या हातांवर चट्टे उठले होते. मी तिला पाणी नेऊन दिलं. पाणी! एवढंच नेऊन दिलं.

गवत गेलं आणि करुणा पुन्हा माझ्या टेबलावर आली. आणखी चार महिने. एका सकाळी आली ती दोन्ही पापण्या सुजून डोळे फटीएवढे उरलेले. त्याही दिवशी मी विचारलं, आज जमेल का ग?

मग तिची नेमणूक आली, बोरी अरबकडच्या एका उपकेंद्रावर. मायने पेढे वाटले. मला वाटलं, सुटले. पण तिथे दिवसातून वीसदा हात धुवायचे, जंतुनाशक चोळायचं, चिकटपट्ट्या लावायच्या. तिच्या गोंदातही रेझिनच्याच जातीचं काही असतं; चिकटपट्टी लागली की बोटं पुन्हा पेटायची. लसीच्या दिवशी बायका लेकरं मागे ओढून घ्यायच्या. एकीने तोंडावर म्हटलं, "सिस्टर, तुमाले काय झालं ते पयले पाहा, माह्या लेकराले हात नका लावू." हे करुणाने मला फोनवर सांगितलं, हसून सांगायचा प्रयत्न करत. वर्ष व्हायच्या आत तिने नोकरी सोडली. आता बाभुळगावला भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. माय इथेच आहे.

सात वर्षं झाली. मी नागपूरचं काम केव्हाच बंद केलं. त्याने काय होतं?

या हिवाळ्यात तिचा फोन आला. दाढ किडली होती, भरायची होती. सहज बोलत होती. म्हणाली, "ताई, मजा पाहा, तो डाक्टर म्हणते का दातात मसाला भरून निळ्या दिव्यानं पक्का करतो. आपल्या मण्यावानी!"

त्याच जातीचा पदार्थ असतो तो, मला माहीत होतं. या सात वर्षांत मी त्याबद्दल सगळं वाचलं आहे, जणू वाचल्याने काही परत येतं. मी म्हणाले, थांब, त्याला सांग तुला ॲलर्जी आहे. पदार्थाचं नाव लिहून घे. दुसऱ्या कशाने भरायला सांग. तिने नाव लिहून घेतलं, एकेक अक्षर विचारून. मग म्हणाली,

"तुमाले कसं माहीत?"

"वाचलं कुठेतरी."

दुकानातल्या मशीनचा आवाज येत होता.

"कवा वाचलं, ताई?"

"परवाच," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवला. तिला कळलं का? मी त्या दिवसापासून तो "बरं" ऐकते आहे. त्यात काय होतं ते मला सांगता येत नाही.

डॉक्टरने दुसरा मसाला भरला. काही झालं नाही.

गेल्या रविवारी तिची माय आली होती. ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. फाटकातूनच मोठ्याने बोलत आली, शेजारच्या बायकांना ऐकू जाईल असं, "या बाईनं वाचवलं वं माह्या करुणाले. नाही तं तोंड सुजून मेली असती पोरगी." तिने माझा हात धरला. तिच्या मनगटावरचे जुने काळे डाग माझ्या हाताशी होते. शेजारणी माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या.

मी नाही म्हटलं नाही. पिशवी घेतली. संध्याकाळी शेंगा सोलल्या, दाण्यांची आमटी केली. नवरा म्हणाला, छान झाली आहे. मीही जेवले.